दांडा सोडायचा नाही

हॅलो?… हॅलो, कोण? जोरात बोल, फोन खाली जमिनीवर पडलाय…

स्वेतोमिर! तू होय! बरं झालं बाबा, फार बरं झालं. ठेवू नकोस हं. काही झालं तरी ठेवू नकोस.

नाही, धापा नाही टाकत… म्हणजे टाकतोय थोड्या. कबुतरांच्या खोलीत आहे…

हो, हो, ती छर्र्याची हवेची बंदूक घेऊनच बसलोय. हो, तीच. तू दुरुस्त केलेली.

चाप? छान आहे रे चाप. इतका हलका की हात लावायच्या आधीच सुटतो… टोमणा कसला? मी कधी तुला टोमणा मारलाय?… बरं, लग्नात मारला होता. त्याला सदतीस वर्षं झाली, लेका.

नाही, आज एकही उंदीर नाही… काल रात्री दोन पिल्लं नेली, पांढर्‍या जोडीची. डोळेसुद्धा उघडले नव्हते त्यांनी… हो, म्हणूनच सकाळी सकाळी येऊन बसलो… स्वेतोमिर, मला मधे एक बोलू दे…

बंदूकदुरुस्तीची पाटी रंगवलीस? हिरव्या रंगात? वा… हो, सांगतो ना शिकारी मंडळाच्या लोकांना. सगळ्यांना सांगतो, स्वेतोमिरकडेच द्या म्हणून… अरे ऐक ना! मी अडकलोय!

कामात नाही रे. बंदुकीत. बंदुकीत अडकलोय!

…

हस. पोटभर हस. फक्त फोन ठेवू नकोस.

झालं हसून? आता नीट ऐक. भरायला म्हणून नळीखालचा दांडा खाली ओढला. आत टक् झालं. म्हटलं स्प्रिंग अडवणारी खुंटी बसली. छर्रा घालायला उजवा अंगठा खाचेत घातला आणि खुंटी सुटली… आपोआप! चापाला बोटही नव्हतं… बाही कुठली लागतेय, अर्ध्या बाह्यांचा सदरा आहे!… दांडा डाव्या हातात होता म्हणून वाचलो. बाप सांगायचा ना, छर्रा आत बसून बोट बाहेर येईपर्यंत दांडा सोडायचा नाही. निम्म्यात पकडला. आता स्प्रिंगच्या जोराने सिलेंडर पुढे येऊन अंगठ्यावर बसलाय आणि त्याला अडवून धरलंय ते फक्त माझ्या डाव्या हाताने. हात सुटला की अंगठा गेला.

हो, खरंच! आईशपथ! या वयात अशी चेष्टा करीन मी?

अजून खाली ओढू? एका हाताने? तुझी ती नवी स्प्रिंग दोन हातांनी ओढताना तोंडातून आईचं नाव निघतं माझ्या. आणि हा खांदा तर तुला माहीत आहे, बायकोला, कोसाराला, दाराची कडी लावायला सांगतो मी…

हळूहळू वर सोडू? अरे, मधे अंगठा आहे ना! तो काय लोण्याचा आहे?

कोपर टेबलाच्या पायाला टेकवलंय. बंदूक मांडीत धरलीय. हललो की घसरतो… कशाने म्हणजे? तुझ्या ग्रीसने! भाकरीला लोणी फासावं तसं फासलंस, आतून वितळून दांड्यावर आलंय.

दिसतोय ना. जांभळा झालाय. मघाशी दुखत होता, आता दुखत नाही. तेच मला बरं वाटत नाही.

फोन? नाकाने उचलला… नाकाने! धान्याच्या पोत्यावर होता, वाजला, वाकून नाकाने हिरवं दाबलं आणि तो घसरून खाली पडला. कोसाराने माझ्या कानापायी कायम मोठ्या आवाजावर ठेवलाय म्हणून तू ऐकू येतोयस. आता तो माझ्यापासून दोन हात लांब आहे. तू ठेवलास तर मला पुन्हा कोणाला लावता येणार नाही, कळतंय का? म्हणून म्हणतो, ठेवू नकोस.

कोसारा सहाच्या बसने बेलग्रेडला गेलीय, डोळे दाखवायला… दुपारी तीनला येईल… आता? आता नऊसुद्धा वाजले नसतील.

ओरडलो की. अर्धा तास ओरडतोय. शेजारी स्तामेनाबाई बहिरी, आणि तिचा मुलगा खाली चेरीवर फवारा मारतोय, ट्रॅक्टर धडधडतोय. आला तो फक्त आमचा गारोव. दारात बसून शेपूट हलवतोय. त्याला वाटतंय मालक खेळतोय.

काय?… कोण म्हणालं होतं?… हो, मीच म्हणालो होतो. मान्य. दांडा ओढला की ती दातेरी पट्टी कट कट कट करायची आणि उंदीर पसार व्हायचे. मी म्हणालो, स्वेतोमिर, हा आवाज बंद कर. आवाज बंद कर म्हणालो! पट्टीच काढून टाक असं नव्हतो म्हणालो! ती पट्टी तिथे आवाज करायला नव्हती बसवली रे, दांडा धरून ठेवायला बसवली होती… हो, हो, तुला माहीत होतं. मग का काढलीस?

मी पकडून ठेवायचा असतो? हे बघ, पकडलाच आहे ना! पकडून बसलोय ना अर्धा तास!

मी तर त्या जुन्या चेक बंदुकीवर हात ठेवला होता बाजारात. आठवतं? नळी खाली वाकवून भरायची. म्हातारी दिसत होती पण सरळ होती. तू म्हणालास, छे, ही तुर्की घे. हिची नळी हलत नाही म्हणजे नेमही हलत नाही. स्वस्त आहे, कच्ची आहे, पण बाकीचं मी करतो… केलंस की! स्प्रिंग बदललीस, वॉशर बदललास, चाप घासलास… नाही म्हणायचं होतं? तुला? कूमाला नाही कसं म्हणणार? माझ्या लग्नात माझ्या बाजूला उभा राहिलेला माणूस तू. कूम म्हणजे काय सदर्‍याचं बटण आहे, तुटलं की दुसरं शिवलं?

स्वेतोमिर?… ए, नाही, नाही, ठेवू नकोस! रागावू नकोस! चुकलो. शब्द मागे घेतो. तू फार चांगला कारागीर आहेस. तीस वर्षं लेथवर काढलीस, तुझ्यासारखा हात अख्ख्या कारखान्यात नव्हता… हो. हो. चूक माझीच. मीच नीट ओढला नाही. मीच आंधळा, मीच थोटा…

…

नाही. थांब. नाही घेत मागे.

ठेवायचा तर ठेव. खोटं बोलायलाही ताकद लागते आणि ती सगळी या हाताला हवीय मला. तुझं काम वाईट झालंय, स्वेतोमिर. खुंटी तू तिरकी घासलीस. पहिल्याच दिवशी दिव्याखाली धरून बघितली मी. धार उरली नव्हती तिला.

का नाही बोललो म्हणजे? कसं बोलणार? बंदूक द्यायला आलास तेव्हा फाटकातून शीळ घालत आलास. कारखाना बंद पडल्यापासून तुझी शीळ ऐकली नव्हती मी. चार वर्षं! मिलेनावहिनी म्हणाली होती, दिवसभर खिडकीपाशी बसतो, जेव म्हटलं तर जेवतो. आणि तू शीळ घालत आलास. मग मी म्हणालो, वा, काय चाप केलायस… गाढव मी. तुझे हात थरथरतात रे आता. रकीयाचा पेला भरताना दिसतं मला. कोसारालाही दिसतं. आम्ही दोघं खिडकीबाहेर बघतो.

…

हॅलो?… आहेस ना?… रडतोयस?… मग नाक कशाला ओढतोयस?

बरं. बरं, नाही रडत.

येतोस? खरंच? ये, ये बाबा. लवकर ये. फाटक उघडंच आहे. गारोव काही करत नाही… मोठी पक्कड आण… नाही, पक्कड नको, तू फक्त ये आणि दोन्ही हातांनी दांडा खाली ओढ. तेवढं पुरे… वीस मिनिटं? पंधरात ये. फोन चालूच ठेव, खिशात टाक. मला तुझा आवाज ऐकू येऊ दे.

किल्ली सापडली?… कोटात बघ… सापडली. शाबास.

हो रे, नाही राग. कूमावर कसला राग… हो, पुन्हा बसव ती पट्टी. करू दे कटकट. उंदीर पळाले तर पळू देत, पळाले तरी काम झालंच ना…

काय म्हणालास?

नाही, त्याच्या आधी. कोणी तक्रार केली नाही?… ग्रोझदानाने? तुझ्या पोरीने?… तिला कधी दिलीस बंदूक?

काल संध्याकाळी. कशाला?… भोरड्यांना मारायला. त्यांचे थवे चेरीवर उतरलेत म्हणून…

स्वेतोमिर, तीही तुर्की?… हीच. बाजारात दोन होत्या त्यातली दुसरी.

खुंटी घासलीस?

आणि पट्टी?… पट्टी, स्वेतोमिर! पट्टी ठेवलीस की काढलीस?

…

कुठे आहे ती आत्ता? बागेत? एकटी?… तिला सांगितलंस, दांडा सोडायचा नाही म्हणून?… का नाही सांगितलंस? तिला कोण सांगणार होतं? तिला बाप नव्हता का सांगायला?… बरं, बरं, ओरडत नाही. ऐक. ठेव फोन. तिला लाव.

हो, ठेव म्हणतोय. मीच म्हणतोय.

उचलत नाही बागेत?… फोन स्वयंपाकघरात ठेवून जाते… मग गाडी काढ आणि तिच्याकडे जा. सरळ टेकडीवर… मला माहीत आहे ती उलट्या बाजूला आहे! मला नकाशा नको सांगू!

नाही. आधी माझ्याकडे नाही. माझ्याकडे निघाला होतास म्हणून काय झालं? वीस मिनिटं इथे, मग पुन्हा तेवढीच तिकडे. तेवढ्यात ती चार वेळा बंदूक भरेल. नवी वस्तू हातात आली की तिला दम निघतो का? लहानपणापासून बघतोय.

माझं सोड. त्रेसष्ट वर्षं वापरला हा अंगठा, पुरे झाला. तिचा अजून लागायचाय. अर्ध्या गावाला सुई तीच टोचते… स्वेतोमिर, बाप्तिस्म्याला पाद्रीबाबाच्या हातून ओलीचिंब तिला मी घेतलं होतं. तू दाराशी उभा होतास, आत यायला घाबरत होतास. नाव मी ठेवलंय तिचं. तुझी मुलगी आहे तशी माझीही आहे, कळलं? मग वाद घालू नकोस.

हात? हात ठीक आहे रे… नाही, घसरत वगैरे काही नाही. ते मघाशी तुला घाबरवायला म्हणत होतो. तू हसलास ना, म्हणून. असा घट्ट धरलाय की दुपारी कोसारा येईपर्यंत हलणार नाही… हो, खरंच. आईशपथ.

जाता जाता स्तामेनाबाईकडे लावून बघ. घंटी ऐकू आली तर आली… हो. पण वाटेत. थांबायचं नाही.

गाडी चालू झाली? ऐकू आली… आता फाटकाशी डावीकडे वळ. माझ्याकडे यायचा रस्ता उजवीकडे, तिकडे बघूही नकोस. वळलास?… डावीकडे?

मग ठेव आता… अरे, काय माफी मागतोयस, ठेव! दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेव!

ठेव, स्वेतोमिर. कूम म्हणून सांगतोय.

…

हॅलो?

ठेवला. बरं केलंस, लेका.