नाव, वय, गाव

बाई : …तर आता डोळे मिटा. दोघींनीही. तरन्नुम, एक डोळा उघडा ठेवलायस, मला दिसतंय.

तरन्नुम : बाई, तुमचे तर दोनीबी उघडेच हायत की!

बाई : मला रस्ता दाखवायचाय. तुम्ही नुसतं समजायचं. समजा, परवाचा शनिवार उजाडलाय. नांदूरघाटहून आपली सहल पहाटे निघाली, बीडला चहा झाला, आणि आता समोर एक डोंगर दिसतोय. एकटाच उभा. खालून त्याचे कडे तासलेले, भिंतीसारखे सरळ. हा देवगिरी. एकेकाळची राजधानी.

चतुरा : दौलताबाद म्हणत्यात त्योच ना?

बाई : तोच. आधी यादवांची राजधानी होती. पुढे दिल्लीच्या एका सुलतानानं ठरवलं, आपली राजधानी आता इथेच. आणि दिल्लीच्या माणसांना चालत यायला लावलं.

तरन्नुम : कावून पण? तिकडं पाणी नव्हतं का काय?

बाई : त्याच्या मनात आलं म्हणून. ज्यांना चालायचं होतं त्यांना कोणी विचारलं नाही.

चतुरा : त्यात लेकरं पण आसतील.

बाई : असणारच. उघडा डोळे. हा बघा, मी अंगणात अख्खा किल्ला काढलाय. ही खडूची रेघ म्हणजे खंदक. ती हातपंपाची दांडी म्हणजे चाँदमिनार. तो हौद…

तरन्नुम : हौदात शेवाळ हाय.

बाई : तिथेही आहे. पुढे ऐका. तुम्हा दोघींनाच का थांबवून घेतलं, माहीत आहे ना? बाकीची पोरं आत्ता कबड्डी खेळतायत, पण परवा ती तुमच्यामागून चालणार. तरन्नुम रांगेच्या पुढे. चतुरा शेवटी.

तरन्नुम : हिनंच मागून घेतलं बाई शेवटचं. मी म्हटलं, माझ्यासंगं पुढं चल, फोटोत येशील. तर न्हाई म्हणली.

चतुरा : मला शेवटीच बरं वाटतं.

बाई : शेवटच्या माणसाचं काम मोठं असतं. मागे कोणी राहिलं तर त्यालाच कळतं. किल्ल्याआधी शहरात संग्रहालय. तिथे तलवारी आहेत, चिलखत आहे, जुनी नाणी, देवांच्या मूर्ती. काहींची नाकं फुटलेली.

तरन्नुम : आन् हात लावला की वॉचमन वरडतो.

बाई : ओरडतो. म्हणून हात मागे बांधायचे आणि पाटी वाचायची. प्रत्येक वस्तूखाली एक छोटी पाटी असते. तिच्यावर तीनच गोष्टी. वस्तूचं नाव, तिचं वय आणि ती कुठल्या गावची. एवढं असलं की वस्तू हरवत नाही. हजार वर्षं जमिनीखाली पडली होती, तरी तिला ठिकाण मिळालं.

चतुरा : बाई, तिथं कोयता ठेवलाय का?

बाई : कोयता? लढाईचा?

चतुरा : न्हाई. उसाचा.

बाई : नाही गं. ठेवायला हवा खरं तर. आपल्या अर्ध्या तालुक्याचं पोट त्याच्यावर.

चतुरा : ठिवला तर पाटीवर नाव कुणाचं लिवतील? कोयता म्हंजे तर दोन माणसं आसत्यात. नवरा न् बायको मिळून एक कोयता. एकट्याला मुकादम घेतच न्हाई.

तरन्नुम : हिचं डोकं बघा बाई कुठं चालतं. अगं सहलीचं बोल. बाई, चित्रं पण हायत म्हणला होतात.

बाई : आहेत. चित्रकलेच्या कॉलेजात पोरं भिंती रंगवतात, तिथे मी विचारून ठेवलंय. हिमरू शालींचे माग दाखवणार आहे. आणि पाणचक्की. तिथलं पाणी डोंगरातून येतं, जमिनीखालून, मातीच्या नळांतून. वरून चालणाऱ्याला पत्ताच नसतो.

तरन्नुम : भिंती तर आमचा यासीन मामू पण रंगवतो. ट्रकच्या मागं त्यानं मोर काढला ना, तर खरा मोर लाजंल. त्याला कुणी न्हाई बोलवत कॉलेजात.

बाई : परवा त्यालाही घेऊन चल.

तरन्नुम : नको. शंभर सेल्फी काढंल आन् अम्मीला सांगंल, तुझी पोरगी गाडीत लई नाचली म्हणून.

चतुरा : बाई, त्या संग्रहालयात रातच्याला कोण आसतं?

बाई : रात्री? कुलूप असतं. बाहेर पहारेकरी.

चतुरा : आन् किल्ल्यात?

बाई : किल्लाही संध्याकाळी बंद होतो. सगळ्यांना बाहेर काढतात.

चतुरा : मोजून काढत्यात का?

बाई : कावून गं विचारतेस?

तरन्नुम : हा हा! बाई ‘कावून’ म्हणल्या!

बाई : तुमच्याबरोबर राहून माझीही जीभ तशीच झाली. चला, आता अंधारी. किल्ल्यातली सगळ्यात अवघड जागा. डोंगराच्या पोटात कोरलेलं भुयार. नागमोडी, पायऱ्या लहानमोठ्या, वर वटवाघळं लटकलेली. शत्रू आत शिरला की त्याला काही दिसायचं नाही. एका जागी वाट फुटल्यासारखी वाटायची, उजेडाकडे जावं तर खाली खंदक.

तरन्नुम : या अल्ला. आन् मी सगळ्यांत पुढं?

बाई : आपण मशालवाल्याच्या मागे असू. तरी मशाल विझते कधी कधी. म्हणून आज सराव. ही आपली खिचडीची खोली. तांदळाची पोती आहेत, खिडकीला पत्रा ठोकलाय. ही अंधारी.

तरन्नुम : हितं उंदीर हायत.

बाई : वटवाघळं समज. चला आत. चतुरा, दार नुसतं ओढून घे. आतली कडी लावू नकोस, गंजलीय ती. मागे एकदा लागली तर शिपायाला दार उचकटावं लागलं होतं.

चतुरा : ओढलं.

तरन्नुम : अम्मी गं! काहीच दिसंना. बाई, कुठं हाव तुमी?

बाई : इथेच. आता नियम ऐका. अंधारात पुढच्याच्या खांद्यावर हात. आणि मी हाक दिली की प्रत्येकानं पाटीवरच्या तीन गोष्टी मोठ्यानं सांगायच्या. नाव, वय, गाव. थांबून विचार करायचा नाही. ज्याचा आवाज आला नाही, त्याच्यासाठी सगळी रांग थांबणार. तरन्नुम?

तरन्नुम : तरन्नुम मुस्तकीम शेख! चौदा! नांदूरघाट! गॅरेजच्या बाजूला!

बाई : गॅरेज नको. चतुरा?

चतुरा : चतुरा अभिमन्यू. एकोणीस. तलवाडा.

तरन्नुम : एकोणीस? आगं ये आजीबाई, तू तर माझ्याहून ल्हान हायस! आन् तलवाड्याला तुझी आत्या राहती. हिला आंधारात गावच सापडंना बाई!

बाई : तरन्नुम, थांब जरा.

तरन्नुम : आन् अभिमन्यू तर तिच्या आत्याचा… चतुरे?

बाई : चतुरा, बाळा, हे तुला कोणी शिकवलं?

चतुरा : चुकून आलं तोंडात.

बाई : चुकून आलं, पण न अडखळता आलं. पाढ्यासारखं.

चतुरा : घरी म्हणून घेत्यात. सकाळी, राती. आई विचारती, मी सांगते. वाटंत कुणी गाडी आडवली, कारखान्यावर कुणी आलं, तर ह्येच सांगायचं. तुमी म्हणल्या थांबून इचार करायचा न्हाई… तर त्येच आलं.

तरन्नुम : बाई, दार उघडू का? मला हितं नको वाटतंय.

बाई : उघड थोडं. पण चतुराला अंधारात बोलायचं असेल तर बोलू दे. लग्न ठरलंय का?

चतुरा : रविवारी ट्रक निघतोय. मांडव न्हाई, पत्रिका न्हाई. उसाच्या फडावर पोचलं की हार घालायचं. अभिमन्यूदादाला जोडी न्हाई ना. जोडीबिगर मुकादम घ्यायना. आत्या रडली बाबापुढं. मग बाबा हो म्हणला.

तरन्नुम : दादा म्हणतीस त्याला!

चतुरा : मग काय म्हणू? ल्हानपणापून दादाच म्हणते. त्यो वाईट न्हाई. मागल्या जत्रंत मला बांगड्या घेतल्या त्यानं. त्यो पण मान खाली घालून बसतो. त्याला पण कुणी इचारलं न्हाई.

बाई : आणि तुला?

चतुरा : आई म्हणली, आसं बी फडावर येतीसच दरसाली, मोळ्या बांधतीसच. फक्त खोपटं बदलंल.

बाई : म्हणून तू सहलीत शेवटी राहणार होतीस. अंधारीत मागे थांबणार होतीस ना? सगळे बाहेर पडले, कुलूप लागलं, की ट्रक तुझ्याशिवाय निघेल.

चतुरा : ट्रक कुणासाठी थांबत न्हाई बाई. दोन-तीन दिस काढले आस्ते. चिवडा बांधून ठिवलाय.

तरन्नुम : आन् मी पुढं मशालीमागं मजेत चालले आस्ते? तुला सोडून? लई शाणी हायस!

चतुरा : तू वरडली आस्तीस. म्हणून न्हाई सांगितलं.

तरन्नुम : वरडणारच! बाई, फोन लावा. भिंतीवर ल्हेलाय की पोरांच्या मदतीचा नंबर, दहा-अठ्ठ्याण्णव. मीच लावते.

चतुरा : नको! बाबाला पोलीस नेतील. आई एकटी पडंल. बाई, पाया पडते. मी जाते तलवाड्याला. काय मरत न्हाई मी.

बाई : तुझी मोठी बहीण सत्यशीला. माझ्या वर्गात होती. माझंही नाव सत्यशीला, म्हणून तिला वाटायचं मी तिची कोणीतरी लागते. तिलाही फडावरच हार घातला होता. दवाखान्यात मी गेले तेव्हा तिचं बाळंतपण अडलेलं होतं. डॉक्टरनं वय विचारलं, तर तीही एकोणीसच म्हणाली. शेवटपर्यंत तेच म्हणाली.

चतुरा : मला म्हाईत हाय. मी पायरीवर बसले होते.

बाई : त्या वेळी सहल दरवर्षी डिसेंबरात असायची. ट्रक गेल्यानंतर. फडावरच्या पोरांनी कधी सहल पाहिलीच नाही. रिटायर झाल्यावरही मी भांडून यंदा ती दसऱ्याच्या आधी आणली. मला वाटलं, तेवढ्यानं काहीतरी होईल.

तरन्नुम : बाई, लावू का फोन?

बाई : मी लावते. चतुरा, इकडे बघ. मी हे सांगणार आहे. तू नको म्हणालीस तरी सांगणार, आणि नंतर तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. पण तुझ्या मागे नाही सांगणार. इथे, तुझ्यासमोर. लग्न अजून लागलेलं नाही. आत्ता थांबलं तर बापाला समजावता येतं, लग्न करणार नाही असं लिहून घेता येतं. हार पडल्यावर पोलीस. कळतंय?

चतुरा : बाबा मला मारंल.

बाई : मी असेन तिथे.

चतुरा : रोज आसाल?

बाई : …रोज नसेन. खोटं नाही सांगत.

(तिघी खोलीबाहेर येतात. बाई फोन लावतात.)

बाई : हॅलो. नांदूरघाटहून बोलतेय, केज तालुका. एका मुलीचं लग्न ठरवलंय. हो, शाळेतच आहे, माझ्याजवळ. तेरा वर्षं. दाखला आहे इथे. रविवारी नेणार आहेत… तिच्याशी बोलायचंय? चतुरा, बोलतेस? नुसतं नाव, वय, गाव.

तरन्नुम : मान हलवून त्यांना कसं कळंल, येडे?

बाई : नाही बोलत आत्ता. घाबरलीय. हो, मी थांबते. तुम्ही पोचेपर्यंत तिला कुठेही जाऊ देत नाही. केजहून किती वेळ? …बरं. लवकर या.

तरन्नुम : काय म्हणले?

बाई : निघतायत. ग्रामसेवकालाही कळवतायत. रस्ता खराब, तासभर तरी लागेल.

तरन्नुम : बाई.

बाई : काय गं?

तरन्नुम : गेटवर म्हाळूकाका. मोटारसायकल चालूच ठिवलीय त्यांनी. मागं आत्या पण हाय.

चतुरा : आजच?

तरन्नुम : मी बघून येते. थांब.

बाई : चतुरा, माझा हात धर. तुझ्या बाबाशी मी बोलते. म्हाळू माझ्याच हाताखाली अ-आ शिकलाय.

चतुरा : त्याला आता ‘अ’ पण येत न्हाई बाई.

तरन्नुम : बाई! ट्रक रविवारी न्हाई, आज सांजच्यालाच निघतोय! मुकादमाचा फोन आला म्हणतात. पोरीला बाहेर काढा, सामान भरायचंय म्हणतात. आत यायलेत ते!

बाई : चतुरा, तू इथेच… चतुरा?

तरन्नुम : ती पळाली. अंधारीत गेली.

बाई : खोलीत?

तरन्नुम : बाई, तिनं आतून कडी लावली. ती गंजलेली.

बाई : लावू दे.

तरन्नुम : निघणार न्हाई की आता!

बाई : तासभर नाही निघाली तर बरंच आहे. तरन्नुम, ऐक. मी पुढे जाऊन म्हाळूला अडवते. जमेल तेवढं. तू या दाराशी बस. उठायचं नाही, कोणी हात धरून ओढलं तरी नाही. आणि तिला मध्येमध्ये हाक देत राहा. तिचा आवाज यायला हवा. नियम माहीत आहे ना?

तरन्नुम : ज्याचा आवाज न्हाई आला, त्याच्यासाठी सगळ्यांनी थांबायचं.

बाई : हं. जाते मी.

तरन्नुम : चतुरे? मी हाय हितं, दाराला पाठ लावून. बाई गेल्या पुढं. काका लई जोरात बोलायलेत, तू ऐकू नको. माझं ऐक. पाटीवरचं सांग. नाव?

चतुरा : …

तरन्नुम : चतुरे, आवाज दे की गं. मी घाबरले हाय. नाव, वय, गाव?

चतुरा : चतुरा म्हाळू. तेरा. नांदूरघाट.