निवड झाली म्हणून छापू नका

हिंगणघाटच्या फ्लेक्सच्या दुकानात कैलास खुशीत बसला होता. त्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ‘शुभेच्छुक: समस्त गावकरी’ असं छापायचं ठरलं होतं. रांगेत त्याच्या पुढे मनोहरराव अन् त्यांच्या लेकीची, आचलची, आपल्या फ्लेक्सवरून जुंपली होती.

“‘विद्यापीठात प्राध्यापकपदी निवड’ लिहिलं तं काय बिघडते?”

“बाबा, काल नुसती मुलाखत झाली. निवड झाली नाई.”

“होईनच ना! अख्खा चौक वाट पाहून राह्यला.”

“मी पोरायले पत्रकारितेची नीती शिकवणार, अन् माह्याच दारात खोटी बातमी?”

“मंग ‘मुलाखत चांगली झाली’ एवढं तरी लिहू दे!”

“लिहा. पण पुढे लिहा, असं मुलीचं म्हणणं आहे.”

“असा फ्लेक्स कोणी लावते काय वं?”

तेवढ्यात आचलचा फोन वाजला.

“हो सर... हो! येईन सर, सोमवारी येईन!... बाबा, झाली निवड!”

“छाप रे भाऊ! मोठ्ठ्या अक्षरात छाप!”

“थांबा बाबा. खाली शुभेच्छुकांची नावं टाकली, त्यायले विचारलं?”

“विचारतो ना! पेढे देता देता साऱ्यायले विचारतो!”

बापलेक हसत बाहेर पडले. दुकानदार कैलासकडे वळला.

“तुमचा छापू?”

“ते ‘समस्त गावकरी’ काढा. बायकोचं नाव टाका.”

“टाकतो.”

“थांबा, थांबा. पहिले तिले विचारतो.”