विमानवाल्याचं तीळपाणी

आमचं मूळ कोठलं म्हणून विचाराल तर मला नीट सांगता येणार नाही. अप्पा सांगत, आपण साताऱ्याकडले, आजी सांगे, छे, पुण्याच्याही पलीकडले. मराठा राजांबरोबर तंजावराला आले ते आले, कावेरीचं पाणी प्याले आणि इथंच राहिले. तेव्हापासून घरात मराठी आणि दाराबाहेर तमिळ. माझी मराठी तुम्हाला जुनाट वाटत असेल, हसू नका, आम्ही अस्के असंच बोलतो, अस्के म्हणजे सगळे. आणि मला देवनागरी वाचता येत नाही, तेव्हा तुम्ही लिहिलेलं तुम्हीच मला वाचून दाखवा, चुकलं असेल तर मी सांगेन.

गाव आमचं तंजावराहून ओरत्तनाडूकडे जाताना लागतं, कालव्याच्या काठी. माझा आज्जा दुसऱ्याचं शेत वाट्यानं करायचा. अप्पा कालव्यावर पाटकरी होते, कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं ते बघायचे, चिखलात पाय ठेवून आयुष्य गेलं त्यांचं. पण मला म्हणाले, सुंदरा, तू चिखलात उतरायचं नाहीस. मी आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. गावच्या शाळेतल्या टीचरनी स्वतः येऊन अप्पांना समजावलं, म्हणून झाले, त्या टीचरना मी अजून रोज संध्याकाळी दिवा लावताना आठवते. मग तंजावराच्या पोस्टात लागले, टपाल निवडायला, आणि तिथूनच रिटायर झाले.

काय सांगू तुम्हाला, अर्धवट पत्ते लावण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. नुसतं पिळ्ळैयार कोवीलजवळ, कण्णन, एवढंच लिहिलेलं पत्र असायचं, आता गणपतीची देवळं इथं गल्लोगल्ली, आणि कण्णन तर प्रत्येक घरात, तरी मी शोधायची. आमचे हे थट्टा करायचे, म्हणायचे, हिला अख्ख्या जिल्ह्याची घरं सापडतात, स्वतःच्या कपाटाची किल्ली सापडत नाही. पण एकदा मीही चुकले. एका म्हाताऱ्याचं पत्र होतं, मुलानं सैन्यातून पाठवलेलं. पोस्टमन येऊन म्हणाला, घराला कुलूप आहे, शेजारी म्हणतात गेले. मी पत्रावर मयत असं लिहून परत पाठवायच्या ढिगात टाकलं. आठ दिवसांनी काउंटरवर एक म्हातारा उभा, छत्री काखेत, म्हणाला, अम्मा, मेलेला मीच, माझं पत्र द्या. अय्यो! तो पापनाशमला मुलीकडे राहायला गेला होता. गेले म्हणजे तिकडे गेले. आमचे मोठे सॉर्टर होते ते म्हणाले, सुंदरा, माणूस सापडला नाही म्हणजे मेला असं नाही, आधी तो कोठे राहायला गेला ते बघायचं. ही गोष्ट मी कसाला सांगतेय, म्हणजे कशासाठी, ते पुढे कळेल तुम्हाला.

आता विमानाचं सांगते. महायुद्धात इथल्या विमानतळावर गोऱ्यांची विमानं असायची. अप्पा सांगायचे की किती तरी पडली, काही समुद्रावर गेली ती परत आलीच नाहीत, काही इथंच उतरता उतरता पडली. आमचा आज्जा भाताची लावणी नुकतीच आटोपून बांध लिंपत होता, दुपारची वेळ, बैल बांधावर चरत होते. नारळांच्या शेंड्यांवरून एक विमान आलं, धूर सोडत, आवाज नाही काही नाही, आणि सरळ शेतात नाक खुपसून घुसलं. चिखल एवढा उडाला की आज्जाच्या बैलाच्या नाकपुड्यासुद्धा भरल्या. नुकतं लावलेलं भात, चिखल मऊ, शेपटी तेवढी वर राहिली. मग लष्कराच्या गाड्या आल्या, सगळ्यांना लांब केलं, पण विमान काही निघेना, तेव्हा आज्जाचेच बैल जुंपले त्यांनी. आज्जानं बघितलं, ताडपत्रीत गुंडाळून काहीतरी दोघांनी उचलून नेलं. आज्जानं एका साहेबाला हातानं खुणा करून विचारलं, नाव काय त्याचं? साहेबानं हातानंच त्याला लांब व्हायला सांगितलं. युद्धाचे दिवस, कोण कुणाला सांगतो?

आज्जा घरी आला आणि डोक्यावरून पाणी घेतलं. आजी म्हणाली, कोण गेलं? आज्जा म्हणाला, आपल्या शेतात गेला, म्हणजे आपल्याकडचाच. पुढे महिन्याभरानं निंदणीच्या बायकांना चिखलात एक हातमोजा सापडला, कातड्याचा, डाव्या हाताचा. मग तर काही शंकाच राहिली नाही. कातडं घरात चालत नाही म्हणून आज्जानं तो एका पत्र्याच्या डब्यात घालून गोठ्याच्या आढ्याला टांगला. आणि त्या वर्षीच्या महालय अमावास्येला, तुम्ही सर्वपित्री म्हणता ती, आज्जा कालव्यावर तीळपाणी सोडायला बसला तेव्हा आपल्या सगळ्यांची नावं घेऊन झाल्यावर शेवटी म्हणाला, आणि विमानवाले. आमचे वाध्यार, म्हणजे भटजी, ते म्हणाले, नाव? गोत्र? आज्जा म्हणाला, नाव माहीत नाही, गोत्र तुम्ही शोधा. ज्याचं गोत्र माहीत नाही त्याला कश्यप गोत्र लावतात. झालं, तेव्हापासून ते आमचे कश्यप गोत्री विमानवाले.

आज्जानं सोडलं, मग अप्पांनी सोडलं. एक वर्ष चुकलं नाही. लहानपणी मला वाटायचं, विमानवाले हे आमचे कुणी काका असावेत.

अप्पा शेवटच्या दुखण्यात होते तेव्हा त्यांनी तो डबा काढायला लावला. म्हणाले, बाय, मला मुलगा नाही त्याचं वाईट वाटत नाही, पण एक गोष्ट टोचते. एवढी वर्षं आपण याला बिननावाचं पाणी देतोय. बिनपत्त्याचं पत्र ते. पोचत असेल का ग? तू पोस्टातली. तेवढं नाव शोध. मी हो म्हटलं. मरणाऱ्या बापाला हो म्हणणं सोपं असतं.

अप्पा गेले, पुढच्या महालयाला मी स्वतः कालव्यावर जाऊन बसले. जुन्या वाध्यारांचा मुलगा आता काम बघतो, तो म्हणाला, मामी, बायकांनी तर्पण करायचं हेच आधी कठीण, आणि त्यात हे विमानवाले कोण तुमचे? मी म्हटलं, आमच्या शेतात पडले ते आमचे, तुझ्या बापानं सत्तर वर्षांपूर्वीच्या यादीत लिहून घेतलंय, तू खोडणार का? त्यानं पळी हातात दिली.

मग मी मागे लागले. हातमोजा घडीच्या आत उलटून बघितला तर शाईची दोन अक्षरं दिसली, ए आणि पी, आणि पुढे आकडे, त्यातले अर्धे पुसलेले. मला बरं वाटलं. ए. पी. आणि पुसके आकडे, यापेक्षा वाईट पत्ते मी लावलेले आहेत. माझ्या चुलतभावाची मुलगी भामा कॉलेजात शिकते, ती कॉम्प्युटरवर बसली, मी शेजारी. युद्धात पडलेल्या विमानांच्या याद्या जमवणारी माणसं जगात आहेत हे मला तेव्हा कळलं. इंग्लंडातला एक म्हातारा मास्तर, त्याचं कामच ते. तो आम्हाला इथून उडालेल्या आणि परत न आलेल्या माणसांची नावं पाठवायचा, भामा वाचायची, मी वहीत उतरवून घ्यायची. कुणी एकवीस वर्षांचा, कुणी तेवीस. कुणाचं विमान सापडलं, कुणाचं नाही. दोन वर्षं आम्ही त्या नावांतून फिरलो. मला ती पाठ झाली हो, आमच्या नातेवाइकांची नसतील एवढी. पण ए. पी. कुठे नाही. भामा म्हणाली, अत्ते, सोड आता. मला झोप नाही. अप्पांना काय तोंड दाखवू?

आणि मग बघा. महालयाला दोनेक महिने होते, घरी पाहुणे जेवायला, आणि आमचे हे नेहमीप्रमाणे त्या मेलेल्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगत होते, छत्री काखेत, अम्मा, मेलेला मीच. अस्के हसले. माझा हात दहीभातात तसाच राहिला. दोन वर्षं मी त्याला मेलेल्यांत शोधत होते! पोस्टात अख्खं आयुष्य काढून मी तीच चूक परत केली होती. आज्जानं ताडपत्री बघितली, आत माणूस बघितला नव्हता, आत यंत्राचा तुकडाही असेल. मी उष्ट्या हातानंच ओरडले, भामा, लिही त्या मास्तरांना, मेलेल्यांची यादी नको, जे वाचले त्यांची पाठव!

तीन दिवसांत उत्तर आलं. आर्थर. आडनाव पी वरून, उरलेले आकडे त्याच्या लष्करी नंबराशी बरोब्बर जुळले. इंजिनानं पेट घेतल्यावर पॅराशूटनं बाहेर पडला, चौथ्या दिवशी कामावर हजर. विमान तसंच रिकामं पुढे गेलं आणि कुठल्याशा भाताच्या शेतात पडलं. कुठल्याशा म्हणे! आमच्या!

मी हसले आणि मग माझ्या ध्यानात आलं. तुम्ही समजा ना, जिवंत माणसाला आम्ही तीन पिढ्या तीळपाणी सोडलं! हे असं आमच्यात शत्रूसाठीसुद्धा कुणी करत नाही. आणि महिन्याभरात मास्तरांनी त्याच्या गावच्या वर्तमानपत्रात लिहून त्याची नात शोधली, हेलन तिचं नाव, आणि ती म्हणत होती मी येते. आता तिला काय सांगायचं?

ती आली. उंच, उन्हानं लाल झालेली, पायातल्या चपला काढून तिण्णैवर, आमच्या ओट्यावर, बसली. मी ताक दिलं, आलं आणि मीठ घालून. तिनं एक घोट घेतला आणि पेल्यात बघितलं. म्हणाली, आजोबा हेच सांगायचे. ते पापनाशमच्या बाजूला नारळावर अडकले होते, नारळ उतरवणाऱ्या माणसानं दोऱ्या कापून त्यांना खाली घेतलं आणि एका बाईनं असंच काहीतरी पांढरं, तिखट प्यायला दिलं. पट्टा सोडायला डावा हातमोजा काढला होता, तो विमानातच राहिला. पण ते परत गेल्यावर त्यांनी विचारलं, माझं विमान कोठे पडलं, खाली कुणी होतं का? कुणी धड सांगेना. नव्वदी ओलांडेपर्यंत जगले, पण शेवटपर्यंत म्हणायचे, त्या शेतात कुणीतरी असणार, दुपारी शेतात कुणी नाही असं होतं का? मग तिनं माझ्याकडे बघितलं. भामा मध्ये बसून सांगत होती, पण ते मला भामाशिवायच कळलं. ती एवढ्या लांबून तेवढंच विचारायला आली होती. शेतात कोण होतं? कोण मेलं?

मी म्हटलं, शेतात माझा आज्जा होता. बैलाच्या नाकात चिखल गेला. आज्जा पुढे पुष्कळ जगला, नातवंडं खांद्यावर घेऊन फिरवली त्यानं, त्यातली एक मी.

ती रडली हो. तोंड झाकून नाही, तशीच, पेला हातात धरून. आणि मग मला राहवेना, मी सगळं सांगून टाकलं, डबा काढून तिच्या मांडीवर ठेवला, तीळपाणी, विमानवाले, कश्यप गोत्र, अस्के. म्हटलं, माफ कर, आम्ही तुझ्या आज्जाला सत्तर वर्षं मेलेला धरलं. तेवढ्यात वाध्यार अमावास्येची वेळ सांगायला आला होता, दारात उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, माफी कसली मागता मामी? जिवंत माणसाच्या मरणाची नुसती बातमी उठली तरी त्याचं आयुष्य वाढतं. इथं तर तुम्ही दरवर्षी तिळासकट उठवलीत. नव्वद काय उगाच झाली त्यांना? भामानं हे इंग्रजीत सांगितलं आणि ती मुलगी एवढी हसली, एवढी हसली की शेजारची मामी काय झालं म्हणून बघायला आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी कालव्यावर बसलो. आता तो खरंच गेलेला होता, आणि आता नाव होतं. वाध्यारानं मोठ्यानं म्हटलं, कश्यप गोत्र, आर्तर, त्याच्या जिभेला आर्थर म्हणता येईना. हेलनच्या हातावर मी पाणी घातलं, तीळ तिच्या बोटांना चिकटले, ती झटकत नव्हती. मी मनात म्हटलं, अप्पा, पत्ता लागला.

वाध्यार उठायला लागला. मी म्हटलं, बस, अजून आहेत. आणि मी ती वही काढली. दोन वर्षं चुकीच्या ठिकाणी शोधलं ना, ते फुकट नाही गेलं, ती सगळी नावं माझ्याकडे आहेत, ज्यांच्यासाठी बांधावर कुणी आज्जा उभा नव्हता त्यांची. एकेक वाचलं, एकेकाला पाणी दिलं. वरून तेवढ्यात विमान गेलं, आताची आपल्या हवाई दलाची जातात ती. वाध्यार घड्याळ बघत होता, मग बघायचा थांबला. आता दरवर्षी वाचतो आम्ही. ऊन डोक्यावर येतं वाचेपर्यंत. हेलन तिथून फोन लावून ऐकते, हातमोजा तिच्याकडे आहे.

हे एवढं माझं. बी.ए. झाले, पोस्टात नोकरी केली, बापाला दिलेला शब्द पुरा केला, आणखी काय पाहिजे माणसाला? तुम्ही लांबून आलात, शांत बसून ऐकलंत. तुम्हालाही कुणीतरी चुकून वर्षानुवर्षं तीळपाणी सोडो, आणि छत्री काखेत मारून तुम्ही त्यांच्या दारात उभे राहा.