मेजरचा आवाज

दातांच्या दवाखान्यात माझ्या समोर एक बहीणभाऊ बसले होते. भावाचा आवाज इतका भारदस्त की, सगळ्या खोलीला ऐकू जात होता.

“लेकीचा फोन आला काल.”

“काय सांगतोस दादा? नोकरी सोडली म्हणून तू तिला बोललास, तेव्हापासून अबोला होता ना?”

“होता. पण फोन येणार हे मला ठाऊक होतं. जावयाने तो लढाईचा व्हिडिओ गेम आणलाय. एकट्याने खेळायचा. त्यातल्या मेजरला आवाज मी दिलाय.”

“बरं, मग?”

“मेजर सगळ्या मोहिमांत सोबत असतो. डावीकडे वळ, खाली वाक, गोळी झाड. शेवटी जखमी होऊन पुलावर पडतो आणि हुकूम सोडतो, मला इथेच ठेव, पुढे जा. पुढे गेलं की मोहीम फत्ते.”

“ती गेली?”

“कसली जातेय. मागे फिरून मलाच ओढत बसली. तेवढ्यात शत्रूने पूल उडवला. पुन्हा खेळली, पुन्हा मागे. दिवसभर तेच. शेवटी मला विचारते, बाबा, तुम्हाला वाचवायचं कसं?”

“तू काय म्हणालास?”

“म्हटलं, वाचवता येतच नाही. गेमच तसा बनवलाय. सोड मला आणि पुढे जा.”

“मग?”

“म्हणाली, मला नाही जमणार, तुम्हीच येऊन खेळा. इथून थेट तिच्याकडेच चाललोय.”

“तुला येतो का खेळता?”

“त्यात काय? हुकूम तर मीच देतोय.”