अंधाराला डोळे सरावेपर्यंत

— नाही नाही, तसे हात पुढे करून चालू नका डॉक्टरसाहेब, डावीकडे दगडी खांब आहे आणि तो घरचा-पाहुणा असा भेद करत नाही. हां, इकडे या, माझ्या आवाजाच्या रोखानं. आता खाली बसा, बाक आहे. बसलात? मी तुमच्या समोरच आहे, म्हणजे असावी. दार लावलं, पडदा सोडला, आता अर्धा तास नुसतं बसायचं. वर अंगणात भर दुपारचं ऊन आहे, ते डोळ्यांतून पुरतं उतरल्याशिवाय ठिणग्या दिसायच्या नाहीत — पण हे मी तुम्हाला कशाला सांगतेय, तुमच्या इंग्लंडातही असंच बसत असतील. बसतात ना? गप्प? अर्धा तास गप्प? अगंबाई! आमच्याकडे बोलतात. नियमच आहे. आमचे प्रोफेसर हॅमरल म्हणतात, गप्प बसलेला माणूस पेंगतो आणि पेंगलेला डोळा खोटं बोलतो. मोजणी सुरू झाली की मात्र चिडीचूप, श्वाससुद्धा बेतानं. तोवर बोलायचं. तेव्हा मी बोलणार, तुम्ही चालवून घ्या.

वास येतोय ना? तो भिजल्या बार्लीचा. हे तळघर बिअरवाल्यांचंच, वरचे लोक पिंपं भरतात आणि खाली आम्ही अणू फोडतो, भाडं मात्र दोघांचं प्रोफेसरसाहेबांच्या मेहुण्याकडे जातं. आणि उशीर झाला म्हणून मनाला लावून घेऊ नका. टेकडीवरच्या घड्याळानं फसवलं ना? मला वाटलंच. ग्राझमध्ये येणारा प्रत्येक परका माणूस तिथे फसतो. आमच्या घड्याळाचा मोठा काटा तासाचा आणि लहान काटा मिनिटांचा. पूर्वी म्हणे एकच काटा होता, तासाचा, लांबून दिसावा म्हणून दांडगा केलेला. मिनिटांचा मागाहून आला, मग त्या बिचाऱ्याला धाकट्या जावेसारखं लहान होऊन राहावं लागलं. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. पण तुम्ही वर बघता आणि जे बघायची सवय तेच बघता. माझा ओटोकार मघाशी म्हणालासुद्धा, "बघ लुडमिला, हा गृहस्थ डोळे उघडे ठेवून घड्याळाला फसला, आणि हा आपली मोजणी तपासणार!" — हे बघा, हे मी बोलायला नको होतं. तुम्ही ऐकलं नाही असं समजा.

ऐकलंत? डोक्यावर — खट् खट्, मग थांबणं, मग परत खट् खट्. तो ओटोकारच. तुम्ही त्याला वर थांबायला सांगितलंत ते योग्यच, तपासणी म्हटली की नवरा वर आणि बायको खाली, ठीक आहे. पण त्यानं काल जेवणाला हात लावला नाही. भोपळ्याच्या बियांचं तेल घालून केलेली कोशिंबीर — अहो, तो वाटी चाटूनपुसून खातो एरवी — काल तेल तसंच हिरवंगार राहिलं ताटात. तुम्हाला काय त्याचं. तुम्ही उद्या गाडीत बसाल, जाऊन लिहाल की ग्राझवाल्यांचं खरं, किंवा लिहाल की ग्राझवाल्यांचं खोटं. खरं लिहिलंत तर शरदात ओटोकारची नेमणूक पक्की, वरच्या दोन खोल्या आमच्या. खोटं लिहिलंत तर परत लेओबेनच्या शाळेत, खाणकामगारांच्या पोरांना त्रैराशिक शिकवायला. त्याला पोरांची चीड नाही हो. पण कोळशाचा अणू फुटतो असं जगात पहिल्यांदा ज्यानं म्हटलं, त्याला फळा पुसायला लावायचं म्हणजे — असो. तुमच्याकडे नाही फुटला म्हणून तो फुटतच नाही असं थोडंच आहे? तुमच्याकडे मोजतं कोण? विद्यार्थी! मग बरोबर. विद्यार्थ्यांचे डोळे कुठे कुठे असतात ते मला माहीत आहे.

इथे बायका मोजतात. माझे डोळे तर प्रसिद्धच आहेत. आमचं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं, मुलगी काय आणणार? प्रोफेसरसाहेब म्हणाले, "बाई, ती डोळे आणणार आहे." झालं. तेव्हापासून मला रोज कच्ची गाजरं. सुनेचं कोण एवढं करतं म्हणून शेजारणी हेवा करतात. त्यांना काय ठाऊक, तो खुराक गाईचा आहे, दुधावर लक्ष ठेवून दिलेला. एकदा सासूबाईंनी विचारलं, तू तिथे काळोखात करतेस तरी काय? मी म्हटलं, असं समजा की एक अक्रोड आहे आणि त्यावर कोणीतरी खडे मारतंय. खडे मारणारं ते रेडियम, अक्रोड म्हणजे कोळशाची चकती. फुटलाच तर टरफलाचा तुकडा उडून पडद्यावर आदळतो आणि तिथे बारीकशी ठिणगी पडते. ती दुर्बिणीसारख्या नळीतून बघायची आणि दिसली की बोटाखालची कळ दाबायची. मग चकती काढून नुसती रिकामी चौकट लावायची आणि परत बघायचं. चकती असताना ठिणग्या जास्त आल्या, तर अक्रोड फुटला. सासूबाई म्हणाल्या, "आणि तुला कसं कळतं की ती ठिणगी होती, डोळ्यांपुढचे काजवे नव्हेत?" खवचट प्रश्न! मी म्हटलं, म्हणूनच मला सांगत नाहीत कुठली चौकट लावलीय ते. ओटोकार त्या फळीच्या भिंतीपलीकडे उभा राहून चौकटी बदलतो, मी इकडे. त्याला ठिणग्या दिसत नाहीत, मला चौकट दिसत नाही. याहून सोवळं काय असायचं?

खरं सांगू? आमचं जमलं ते याच बाकावर. रोज अर्धा तास काळोखात बोलत बसायचं, नियमच तो, मग कुणी काय करावं? पहिले काही दिवस त्यानं मला बिस्मथबद्दल सांगितलं. नंतर आईबद्दल. नंतर एक दिवस तो बोलेचना, मला वाटलं पेंगला, म्हणून मी हात लांब करून हलवायला गेले, तर त्याचा हात आधीच अर्ध्या वाटेवर होता. हसताय तुम्ही? हसा की. ईस्टरनंतर लग्न झालं. आणि गंमत ऐका — लग्नाआधी आमचे आकडे असे वाऱ्यावरच्या वरातीसारखे, एक दिवस कोळसा पुढे, दुसऱ्या दिवशी रिकामी चौकटच पुढे, प्रोफेसरसाहेब मिश्या चावायचे. आणि लग्न झाल्यापासून बघा! रोज कोळसाच पुढे, एक दिवस चुकला नाही. सगळे आम्हाला चिडवायचे, लुडमिलाची नजर संसाराला लागली म्हणून. प्रोफेसरसाहेब तर भर सभेत म्हणाले, "हे लग्न दोन वर्षं आधी लावायला हवं होतं, विज्ञानाचा केवढा वेळ वाचला असता!" आम्ही लाजलो. आता काय करणार, अणूलाही कुणाचं बरं बघवत असेल.

काय म्हणालात? आवाज? नाही हो, मोजताना इथे काही आवाज नसतो, तेच तर या तळघराचं सुख. म्हणजे पिंपं गडगडतात वर, ती आता ऐकूही येत नाहीत. त्या कोपऱ्यात पाणी ठिबकतं. वर पिंपांच्या गाडीचा घोडा पाय आपटतो. आणि ओटोकारची अंगठी — ती एक टिंग् होते. एवढीशी. चौकट खाचेत सरकवताना लागते तिला. तुमच्याकडे लग्नाची अंगठी डाव्या हातात घालतात ना? आणि पुरुष तर घालतच नाहीत म्हणे. आमच्याकडे दोघंही घालतात, आणि उजव्या. कामाचाच हात, मग लागणारच. मला तो आवाज — आता तुम्ही हसाल — मला वाटतं तो मला खुणावतोय. मी इकडे नळीला डोळा लावून, पाठ आखडलेली, आणि पलीकडून टिंग्, म्हणजे आहे बरं का मी. ऐकलं की अंगात नवीन जोर येतो, डोळे कसे लख्ख होतात. प्रत्येक वेळी? नाही, प्रत्येक वेळी कसं होईल. चकती ठिसूळ आहे, म्हणून तिला पितळी चौकट केली, वरच्या पिंपांच्या तोट्या बनवणाऱ्या मिस्त्रीकडून. रिकामीला काय, ती लाकडाची, ती कशाला वाज —

काही नाही. पाणी ठिबकत होतं, ते ऐकत होते.

तुम्ही लिहून तर घेत नाही आहात? काळोखात कसं लिहाल म्हणा. हे बघा, मी मोजते ते डोळ्यांनी. कान मध्ये कुठून आला? मी कधी, शपथेवर सांगते, कधी मनात म्हटलं नाही की आता कोळसा आहे, आता जास्त दाब. फक्त बरं वाटायचं. बरं वाटलं म्हणून कुणाला जास्त दिसतं का? एखादी ठिणगी अगदी पुसट असते, आहे की नाही असं वाटायला लावणारी, ती मोजायची की सोडायची — ती बरं वाटत असताना मोजली जाते, एवढंच. आणि टिंग् नाही झालं तर — तर सोडली जाते. पण अशा कितीशा असतात! पुष्कळ असतात. जवळजवळ सगळ्या तशाच असतात. तुम्ही काहीतरी बोला ना! इथे बोलायचा नियम आहे.

आज चौकटी तुम्हीच बदलणार, हो ना? मग एक सांगून ठेवते, ती पितळी नीट बसत नाही, तिला जरा ठोकावं लागतं. बोटात काही आहे तुमच्या? नाही? मग माझी घ्या. घ्या हो, तुमच्या करंगळीत बसेल. हात कुठाय तुमचा — हां. घट्ट आहे? राहू दे तशीच. पितळी आली की तेवढं एक टिंग् — म्हणजे बसली का ते कळतं. ठोकलं नाही तर मग मला जबाबदार धरू नका.

खट् खट्. खट् खट्. ऐकताय, कसा चालतोय तो? त्याला नाही माहीत. हे लिहून घ्यायचं तर लिहा, त्याला खरंच माहीत नाही. तो मला खुणावतही नव्हता. त्याचा आपला हात लागत होता.

थांबा. उठू नका अजून. ते मघाचं — तसं नका करू. अंगठी असू दे तुमच्याकडे, पण चौकटीवर मुळीच वाजवू नका. खाचेशेजारी पाण्याचा पितळी नळ आहे, उजव्या हाताला, चाचपलात की सापडेल. त्यावर वाजवा. कोळसा असताना वाजवा, नसताना वाजवा, दोन्ही वेळा चुकवा, तुमच्या मनाला येईल तसं. आणि कधी काय केलंत ते मला कळू देऊ नका. मग बघा माझी कळ कशाच्या मागे जाते. मलाही बघायचंय. नाही, मला बघायचं नाहीये, पण बघूच.

आणि नंतर अंगठी माझ्याच हातात द्या. ओटोकारला काय सांगायचं ते मी सांगेन, घरी, दिवा लावून. काळोखात त्याच्याशी बोलायची मला फार सवय झालीय.

पावलं थांबली बघा वर. त्यालाही कळलं वेळ झाली. मला आता तुमच्या कॉलरची कड दिसतेय, म्हणजे डोळे सरावले. जा तुम्ही पलीकडे, खांब सांभाळा. नाही, आता काही विचारू नका. आता बोलायचं नाही.