दाट आलेली गाजरं

(घरामागची परसबाग. हिवाळ्यातली सकाळ, पाल्यावर दव गोठलेलं. वाफ्याच्या कडेला प्रवासाची भरलेली मोठी पिशवी.)

बायको : ही बघा आणखी एक जुडी. एका जागी सात. उंदराच्या शेपट्या नुसत्या. गाजर म्हणावं असं एक नाही त्यात.

नवरा : बी दाट पडलं असेल. विरळणी करायची राहिली.

बायको : विरळणी? बारा वर्षं झाली या घरात येऊन, तुमच्या गाजराला कधी विरळणी लागली? शेजारच्या काकू बी वाळूत मिसळून पेरतात, तरी त्यांचं दाट येतं. त्याच म्हणायच्या ना, याच्या चिमटीत काय जादू आहे, एकेक दाणा मोजून सोडतो म्हणून.

नवरा : वारा होता त्या दिवशी.

बायको : वाऱ्यानं बी पसरतं. हे ढिगाढिगानं पडलंय. मध्ये वीतभर रिकामी जागा, पुढे परत ढीग.

नवरा : सकाळी सकाळी गाजरांचं काय घेऊन बसलीस. तासाभरात निघायचंय आम्हाला. तू वाटाण्यावर कापड घाल संध्याकाळी. रात्री पुन्हा गोठणार आहे.

बायको : घालीन. वाटाणा छान आलाय.

नवरा : मग झालं तर.

बायको : झालं काय, तेच म्हणते मी. वाटाणा छान, लसूण छान. ते डोळ्यांना दिसतं पेरताना. गाजराचं बी चिमटीत गेलं की दिसत नाही, ते बोटांनाच कळावं लागतं. हात बघू.

नवरा : मातीचे आहेत.

बायको : माझे काय अत्तराचे आहेत? इकडे करा. आता डोळे मिटा.

नवरा : हा काय पोरखेळ.

बायको : मिटा म्हणते ना. हं. सांगा, चिमटीत काय ठेवलं मी?

नवरा : बी.

बायको : कशाचं?

नवरा : मुळ्याचं असेल.

बायको : काहीच ठेवलं नाही. उघडा डोळे. आणि आता तरी खरं बोला.

नवरा : अंगठा आणि शेजारची दोन बोटं. उजव्या हाताची. डॉक्टर म्हणाले होते, वर्षभरात संवेदना परत येईल.

बायको : मला सांगितलंत की आली. पट्टी सोडली त्या दिवशी माझा गाल चिमटीत धरून दाखवलात.

नवरा : गाल दिसत होता.

बायको : आणि परवा गुलाब छाटताना केवढा काटा गेला नखाखाली. संध्याकाळी मी सुईनं काढला, तर मलाच विचारता, कधी लागला हा. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मूर्ख मी.

नवरा : तू कशाला मूर्ख. मी लपवलं. बोटं माझीच आहेत गं, पण पाहुण्यासारखी वागतात. असतात, पण कामाला हात लावत नाहीत. थंडी वाढली की जास्तच.

बायको : आणि ही बोटं घेऊन तुम्ही बर्फाच्या कड्यावर निघालात. दोराच्या दुसऱ्या टोकाला माझा भाऊ.

नवरा : दोर तळहातानं धरतात. तळहात शाबूत आहे.

बायको : आणि गाठ?

नवरा : वीस वर्षांची सवय आहे. हात आपोआप बांधतात.

बायको : गाजरंही आपोआपच पेरलीत की.

नवरा : हळू बोल. तो येईल एवढ्यात.

बायको : येऊ दे. त्याला माहितीये?

नवरा : नाही. आणि सांगायचं नाही.

बायको : का नाही?

नवरा : गेल्या हिवाळ्यात त्याचा हातमोजा वाऱ्यानं उडाला, मी माझा दिला. रात्रभर कड्यावर अडकलो होतो आम्ही. त्याची बोटं वाचली. माझी बरी झालीच नाहीत हे त्याला कळलं, तर जन्मभर तो हातमोजा मनाला लावून घेईल. ओळखतेस ना तू त्याला.

बायको : म्हणून त्याला मनस्ताप नको, जीव गेला तरी चालेल?

नवरा : असं कोण म्हणालं.

बायको : तुम्ही म्हणताय. पाठीला पाठ लावून आलेला एकच भाऊ आहे मला. आई गेल्यावर मी वाढवलाय त्याला. तुमच्या हातात दिला तो या हातांवर विश्वास ठेवून.

नवरा : अर्ध्या वाटेवरून परत आलो होतो गं. ही एक वाट त्याच्याबरोबर पुरी करू दे. परत आलो की सगळं सांगतो. मग आहेच मी इथे बागेत, कायमचा.

बायको : असं म्हणताय जसं काही बागेत शिक्षा भोगायला बसवणार आहे तुम्हाला.

नवरा : तुला नाही कळायचं. वर गेलो की मी कुणीतरी असतो.

बायको : मला कळतं. म्हणूनच मी ओरडत नाहीये. पण कोंबडं झाकून उजाडायचं राहत नाही. तुम्ही सांगता की मी सांगू?

भाऊ : काय सांगायचंय मला? फाटक उघडं टाकलंय तुम्ही, कुत्रं शिरेल वाफ्यात. ताई, खायला काय दिलंयस बरोबर?

बायको : आलास? बूट काढ, माती तुडवू नकोस.

भाऊ : बागेत बूट काढून चालायचं? थंडीत? ही कुठली बाई दिली देवानं बहीण म्हणून. भावोजी, दोर माझ्या खांद्यावर आहे, तुम्ही पिशवी उचला. बस वेळेवर आहे, मी विचारून आलोय. अरे, ही गाजरं आहेत की झाडूच्या काड्या?

नवरा : दाट पेरली गेली.

भाऊ : तुमच्या हातून? म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवला. ताई, चिडवलंस की नाही? तुझ्या तोंडावरून तर दिसतंय चांगलंच भांडलीस.

बायको : भांडायला वेळ कुठाय. यांना तुला काहीतरी सांगायचंय.

भाऊ : सांगा. पण आधी मी सांगतो. ताई, यंदा आम्ही खडकावर सराव केला ना तीन रविवार, तर मी एकदाही हरलो नाही.

बायको : कशात हरला नाहीस?

भाऊ : तुला माहीतच नाही? अगं, भावोजींची ही जुनी पद्धत. दहा वर्षं झाली. चढण्याआधी ते दहाबारा गाठी बांधतात, त्यातली एक मुद्दाम चुकीची ठेवतात. कुठली ते सांगत नाहीत. मी शोधायची. नाही सापडली तर उतरताना दोघांच्या पिशव्या मी वाहायच्या. पहिली दोन वर्षं नुसता हमाल होतो मी.

बायको : मग?

भाऊ : मग काय, डोळा बसला. पण यंदा फार हुशारीनं चुकवतायत. आधी कसं, गाठ बघितली की कळायचं, वेडीवाकडीच असायची. आता गाठ बघावी तर सुरेख, आणि दोराचं टोक शेवटच्या फेऱ्यातून गेलेलंच नाही. वजन आलं की सुळकन सुटणार. मी म्हटलं, वा भावोजी, ही खरी परीक्षा.

बायको : आणि हे काय म्हणाले?

भाऊ : काही नाही. हसले. मागच्या रविवारी तर चक्क दोन सापडल्या. मी म्हटलं, नियम एका गाठीचा आहे, ही फसवणूक झाली. तेव्हाही नुसते हसले.

बायको : हसलात तुम्ही?

भाऊ : काय झालं? ताई, तू अशी का बघतेस त्यांच्याकडे?

बायको : मी काही बोलत नाही. मी गाजरं उपटते.

भाऊ : भावोजी, चला, बस चुकेल.

नवरा : दोर खाली ठेव.

भाऊ : का? काही राहिलं का घ्यायचं?

नवरा : ठेव म्हणतो ना. आणि माझा हात धर. असा नाही, ही तीन बोटं. दाब.

भाऊ : दाबली.

नवरा : जोरात दाब.

भाऊ : लागेल तुम्हाला.

नवरा : तेच तर लागत नाही रे. गेल्या हिवाळ्यापासून.

भाऊ : गेल्या हिवाळ्यापासून? म्हणजे त्या रात्री... माझ्या हातमोज्यामुळे?

नवरा : हातमोजा मी दिला. तू मागितला नव्हतास. ते डोक्यातून काढ, निघत नसेल तर नंतर बोलू. आधी हे ऐक. गाठींचं.

भाऊ : गाठींचं काय?

नवरा : पहिल्या रविवारी तू गाठ शोधलीस आणि नाचायला लागलास. मी ती चुकवलीच नव्हती, यंदा सगळ्याच नीट बांधायच्या ठरवल्या होत्या. सांगणार होतो. तू एवढा खूश होतास, आणि मला... मला अजून एकदा वर जायचं होतं. म्हणून हसलो.

भाऊ : आणि मागच्या रविवारच्या दोन?

नवरा : त्याही. यंदा मी एकही गाठ मुद्दाम चुकवली नाही.

बायको : बस रे इथे. त्या घमेल्यावर बस. तोंड पांढरं पडलंय तुझं.

भाऊ : थांब ताई. भावोजी, तीन रविवारांत मला चार सापडल्या. त्या चार मी परत बांधल्या. बाकीच्या सगळ्या बरोबर आहेत असं धरून मी त्यांच्यावर लटकलो.

नवरा : हो.

भाऊ : मग ज्या मला सापडल्या नाहीत, त्या किती होत्या?

नवरा : ते मला तरी कुठे माहितीये रे.