जीपच्या तोंडावरचं फडकं

विलायतेहून डॉक्टर होऊन अकोल्याला परतताना मला वाटत होतं, आता आपण खेड्यापाड्यांतल्या रोगराईशी झगडणार. प्रत्यक्षात तो सगळा हिवाळा मी सरकारी दवाखान्याच्या जीपशी झगडण्यात घालवला.

एकदा तेल्हाऱ्याहून अडलेल्या बाईला अकोल्याला आणत होतो. जीप हळू बरी चाले, पण वेग वाढवायला गेलं की धापा टाकून बसे.

"दाबली का मरते, सोडली का चालते," ड्रायव्हर गुलाबराव म्हणाले. "मिस्त्रीनं प्लग बदलले, नळी साफ केली. आता मी काय करू, डाक्टरीणबाई?"

मागून बाईची सासू म्हणाली, "आमची बैलगाडी काय वाईट होती?"

मी उतरून बॉनेट उघडलं. इंजिनात हवा जाते त्या तोंडावर लुगड्याचं चौपदरी फडकं घट्ट आवळलेलं होतं.

"हे काय, गुलाबराव?"

"कापसाचे दिवस हायेत. रस्त्यानं कापूस उडून राहिला. गाडीच्या नाकात जाईन ना."

"अहो, तिचा श्वास कोंडतोय."

"तुमी नाई का आपरेशनच्या वक्ती तोंडाले बांधत?"

फडकं सोडल्यावर गाडी नीट पळाली आणि बाई वेळेत पोचली. मूलही सुखरूप झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर गुलाबराव तेच फडकं धुऊन पुन्हा बांधत होते. समजावायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. यापुढे वाद घालायचा नाही, असं मी ठरवलं. दवाखान्यातून जखमेवर बांधायची विरळ जाळी आणली आणि हवा जाईल असा एकेरी तुकडा फाडून त्यांच्या हातात दिली.

"हे बांधत जा," म्हटलं. "सरकारी आहे."